लग्नपत्रिका : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

दिवाळी अंकासाठी एखाद्या वाङ्मयप्रकारावर चार पाने टीका लिहून द्यावी, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी बराच वेळ विचार करीत बसले. कथा, कादंबरी, नाटक आणि काव्य यांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पंगतीला बसण्याइतके माझे शिक्षण नाही. मी शाळेत मराठी शिकविते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्या कादंबऱ्या आमच्या राजगुरुनगरात किती घरी वाचल्या जातात, हे मला ठाऊक आहे. आकडा सांगत नाही. परंतु एक लेखनप्रकार असा आहे की तो येथे घरोघर पोचतो, मोठ्याने वाचला जातो, त्यावरून वाद होतात, रुसवेफुगवे होतात, आणि पुढे तो वर्षभर टीव्हीच्या मागे नाहीतर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून जपला जातो. कोणत्या कादंबरीच्या नशिबी हे भाग्य आले आहे? तो लेखनप्रकार म्हणजे लग्नपत्रिका.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा फराळाचे डबे निम्मे झाले असतील. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. मग ज्यांच्या घरी कार्य आहे अशा वाचकांपुढे हिशेबाची वही उघडी पडेल. कार्यालय, आचारी, मांडव, कपडे, दागिने. आणि या थोर खर्चांच्या खाली एक लहानसा आकडा, पत्रिकांचा. तेवढा तरी घरच्या घरी वाचविता येईल काय, असे पुष्कळांच्या मनात येते. गेल्या वैशाखात आमच्या घरी तोच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता माझ्या ध्यानात आले की पत्रिका स्वस्तात करणे हा कागदाचा प्रश्न थोडा आणि भाषेचा प्रश्न फार आहे. म्हणून या लेखाला टीकालेख म्हणावयाचे धाडस करते.

टीका करावयाची तर नमुने समोर हवेत. माझ्यापुढे तीन पत्रिका आहेत.

पहिली माझ्या आईवडिलांच्या लग्नाची, वैशाख शके १८९८, म्हणजे १९७६ सालची. आईच्या ट्रंकेत साड्यांखाली ती सापडली. तळहाताएवढा गुलाबी कागद, आता मळकट झालेला. एकच शाई, लाल. वर गणपतीचा झिजलेला ठसा, ज्यात सोंड दिसते आणि डोळे दिसत नाहीत. मजकूर मोजून अकरा ओळींचा. दोन घरांची नावे, तिथी, मुहूर्त, स्थळ, आणि खाली ‘आपला नम्र’ म्हणून आजोबांचे एकट्याचे नाव. बस्स.

ही पत्रिका खिळ्यांच्या छापखान्यात छापलेली आहे. त्या वेळी प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे, आणि मराठीच्या काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे ते काम इंग्रजीहून कितीतरी किचकट. लग्नसराईत अशी शेकडो कामे एकदम आली की प्रत्येक पत्रिका नव्याने जुळविणे परवडत नसे. म्हणून सर्वांना चालेल असा मजकूर जुळवून, सुतळीने बांधून ठेवीत. नवे गिऱ्हाईक आले की तेवढी नावे, तिथी आणि गाव बदलून पुन्हा ट्रेडल यंत्रावर चढवीत. आज आपण ज्या ठराविक भाषेला नाके मुरडतो, ती ‘करण्याचे योजिले आहे’ची भाषा अशी काटकसरीतून पक्की झाली. शब्द उसने घेतले, कारण नव्या शब्दांना मजुरी पडत होती. गरिबाच्या पत्रिकेला श्रीमंताच्या पत्रिकेचाच मजकूर मिळत असे, हीदेखील त्यात एक समता होती. म्हणून या पहिल्या पत्रिकेची मी थट्टा करणार नाही.

दुसरी पत्रिका यंदाचीच. गावाचे नाव सांगत नाही. चाकणच्या बाजूचे, एवढे पुरे. मखमल लावलेली पेटी, आत सोनेरी दोऱ्याने बांधलेली सहा पाने. साखरपुड्याचे पान निराळे, हळदीचे निराळे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्यातील नावे मोजावयास दिली. त्र्याहत्तर भरली. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, ‘प्रमुख उपस्थिती’ या मथळ्याखाली आजी-माजी पदाधिकारी, मामाकडील मंडळी, आणि शेवटी ‘समस्त ग्रामस्थ’. वधूवरांची नावे कोठे आहेत हे शोधावयास एका हुशार मुलीला अर्धा मिनिट लागला. ही पत्रिका आहे की मतदारांची यादी, असा विनोद सुचतो. आणि तो मी शिक्षकांच्या खोलीत करूनही घेतला.

पण टीकाकाराने विनोदावर थांबू नये. ही त्र्याहत्तर नावे तेथे का आली? आमच्या तालुक्याचा दक्षिण भाग गेल्या काही दशकांत ओळखू येईनासा झाला आहे. जेथे ज्वारी आणि कांदा होता, तेथे मोटारींचे कारखाने आहेत. बांध गेले, विहिरी बुजल्या, आणि कोणाचे शेत कोठवर होते हे आता मुलांना दाखविता येत नाही. अशा गावात भावकीतला माणूस आपले नाव कोठे वाचणार? सातबारावरून नाव उतरले, ते पत्रिकेवर चढले. त्या यादीत मिरवणूक आहे, निवडणूक आहे, हे खरे. पण ‘आम्ही अजून आहोत’ असे सांगण्याची धडपडही आहे. ती धडपड ध्यानी न घेता नुसते ‘वायफळ खर्च’ म्हणणाऱ्या सुधारकाचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

तरीही या पत्रिकेत एक दोष आहेच, आणि तो पैशाचा नाही. तो व्याकरणाचा आहे. मी मुलांना प्रयोग शिकविते. वाक्य दिले की कर्ता शोधा, क्रियापद शोधा, ते कोणाच्या मागे चालते ते पाहा. एकदा मी फळ्यावर पत्रिकेतले वाक्य लिहिले : ‘यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे.’ योजिले कोणी? वर्ग गप्प. मग दुसऱ्या पत्रिकेतले लिहिले : ‘शुभविवाह संपन्न होत आहे.’ येथे तर कर्ता विवाहच! जणू मृगाचा पाऊस पडावा तसा विवाह आपोआप होत आहे, आणि घरातल्या कोणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे ही नम्र विनंती.’ विनंती कोणाची? खाली त्र्याहत्तर नावे आहेत. पण बोलणारे तोंड एकही नाही. ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे माझ्या वर्गात दोघांनाच सांगता आले. एवढ्या मोठ्या नमस्काराची आपण पाच ठिपक्यांत बोळवण केली, आणि ती करताना खिळे वाचविण्याचे जुने कारणही आता उरले नाही.

पेटीतल्या त्या पत्रिकेत एकच जिवंत वाक्य आहे, आणि ते तळाशी आहे : ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ येथे बोलणारा कळतो, ऐकणारा कळतो, आग्रह कळतो. तेच वाक्य आता पत्रिकेपत्रिकेवर येते आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या तोंडीही घातले जाते, म्हणून ते शिळे झाले. परंतु मूळ ज्याला सुचले त्याला निमंत्रण म्हणजे काय हे उमगले होते. निमंत्रण म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला ‘ये’ म्हणणे.

पूर्वी ते तोंडानेच होत असे. अक्षता द्यावयास घरचे माणूस दारी जाई, कुंकू लावी, अमुक दिवशी कार्य आहे म्हणून सांगे. खेड्यात अजून नुसती पत्रिका पोचली तर ‘आवतण आले नाही’ असेच म्हणतात. म्हणजे छापील कागदाने मूळ निमंत्रणाची जागा आमच्याकडे कधीच पुरती घेतली नाही. तो सोबतीला गेला. हे एकदा पटले की स्वस्त पत्रिकेची लाज वाटत नाही.

थोडक्या खर्चाच्या लग्नाचा विषय निघाला म्हणजे महाराष्ट्राला २५ डिसेंबर १८७३ या दिवसाची आठवण ठेवावी लागेल. जोतीराव फुले यांनी त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्या दिवशी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे लग्न पुरोहितावाचून, हुंड्यावाचून लागले. खर्च म्हणाल तर पानसुपारीचा. पुढाकार सावित्रीबाईंचा होता. वधूची आई बाजूबाई त्यांची मैत्रीण. मला या हकीकतीत काटकसरीपेक्षा एक निराळीच गोष्ट मोलाची वाटते. दीडशे वर्षांनंतरही त्या लग्नाच्या आठवणीत वधूच्या आईचे नाव टिकून आहे. आजच्या किती पत्रिकांत आईचे नाव तिच्या स्वतःच्या हक्काने येते? येते ते ‘सौ. व श्री.’ या जोडीत. आणि जोडी मोडली, तर?

हा ‘तर’ आमच्या घरात शिरला, आणि येथून माझा तिसरा नमुना सुरू होतो.

माझी थोरली बहीण चासच्या वाटेवरच्या एका गावात दिली आहे. मेहुणे चाकणच्या एका कारखान्यात कामाला होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. तो महिना आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. लग्नाला पंचवीसच माणसे आणि तीही दोन तासांत, असा सरकारी हुकूम होता, आणि स्मशानात तर त्याहून थोडी. ताईने त्यानंतर शिवणयंत्रावर दोन मुले शिकविली. मुलगी आता त्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. तिचे लग्न ठरले.

ताईच्या दिरांनी बाजारातल्या छापखान्यात चौकशी केली. पाचशेच्या खाली काम घेत नाहीत, आणि साधी म्हटली तरी एक पत्रिका अठरा रुपये. म्हणजे नऊ हजार. आम्हांला पत्रिका हव्या होत्या दोनशे. भाची म्हणाली, “मावशी, आपण घरीच करू. तू मजकूर लिही, बाकीचे मी पाहते.”

मी मोठ्या उत्साहाने बसले. कादंबरीकार ना मी! पण पहिल्याच ओळीला अडले. निमंत्रक म्हणून कोणाचे नाव घालावे? ताई म्हणाली, “भाऊजींचे घाल. माझे नको गं. शुभकार्याच्या कागदावर माझे नाव बरे दिसत नाही.” ती हे रडत म्हणाली नाही. भाजी निवडीत, साध्या आवाजात म्हणाली. आणि म्हणूनच मला ते अधिक लागले. ज्या बाईने चार वर्षे हे लग्न शिवणयंत्रावर शिवले, तिनेच आपल्याला कर्त्याच्या जागेवरून खोडून टाकले होते. फळ्यावरचे ते वाक्य मला आठवले. ‘योजिले आहे’मध्ये कर्ता का लपतो, याचे एक उत्तर मला तेव्हा मिळाले. ठराविक मजकूर शब्द उसने देतो, आणि त्यांबरोबर त्यातली माणसांची मांडणीही उसनी देतो. वडील हयात असतील तर वडील, नसतील तर ‘कै.’ म्हणून वडील आणि खाली काका. आईला त्या मांडणीत खणच नाही.

काळ काही अगदीच थांबलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. मी हे सारे ताईला सांगितले. ती म्हणाली, “ते कागद कचेरीतले. हा भावकीत जायचा आहे.” तिचे म्हणणे खोटे नव्हते.

दोन दिवसांनी दीर आले. कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे त्यांनी चौतीस नावे लिहून आणली होती. “वहिनी, ही नावे राहिली तर मला गावात फिरता यायचे नाही,” असे म्हणून त्यांनी पान पुढे केले. मनुष्य वाईट नाही; भावाच्या आजारपणात रात्ररात्र दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. भाचीने पान घेतले, नीट वाचले, आणि मग आपल्या वहीतला मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. तो तिने आईच्या तोंडी लिहिला होता :

‘माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. तिचे वडील असते तर तुमच्या दारी स्वतः आले असते. त्यांच्या मागे मी तुम्हांला बोलाविते आहे. तुम्ही सगळे या, आमच्याकडे जेवा, आणि मुलांना आशीर्वाद द्या.’

खाली आईचे पूर्ण नाव. मग दोन्ही घरांची आणि वधूवरांची नावे, तिथी, वेळ, स्थळ.

कोणीच काही बोलेना. थोड्या वेळाने दीर म्हणाले, “आणि मी कोठे आहे यात?”

भाची म्हणाली, “काका, तुम्ही कागदात नाही, तुम्ही दारात आहात. या चौतीस जणांना आपण प्रत्येकी चार-पाच पत्रिका देऊ. ज्याने त्याने आपल्या हाताने पोचवायच्या आणि पाकिटावर ‘घेऊन आलो’ म्हणून आपले नाव लिहायचे. बाबा असते तर ते आले असते, असे लिहिले आहे ना? मग त्यांच्या जागी कोणीतरी जायला नको?”

युक्ती म्हणावी तर युक्ती होती. पण मला तीत वाङ्मयीन न्याय दिसतो. नुसती छापलेली नावे तिने कामाला लावली. दिरांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, “मला मोठ्या अक्षराचे पेन आणा.”

आता ज्यांना हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी तोही सांगते. ए-फोर आकाराच्या एका जाड कागदातून मधोमध कापून दोन पत्रिका निघतात. दोनशेला शंभर ताव लागले. सहा रुपयांप्रमाणे सहाशे. झेरॉक्सच्या दुकानात एका रंगात छपाई तावाला चार रुपये, चारशे. पाकिटे दीड रुपयाप्रमाणे तीनशे. एकूण तेराशे, म्हणजे पत्रिकेला साडेसहा रुपये. वाचलेल्या सात हजार सातशेंतून ताईने मेहुण्यांच्या आजारपणातले शेवटचे उसने फेडले.

चुकाही झाल्या. जुन्नर आमच्या उत्तरेला आहे, आणि पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. त्या अभिमानाने मी प्रथम हातकागदाचा हट्ट धरला. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तेथून मी थोडे ताव पूर्वी आणलेले होते. कागद देखणा, परंतु दुकानातल्या यंत्राची शाई ही भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळून बसते. खरखरीत पृष्ठावर ती नीट धरली नाही. बोट फिरविले की ‘आशीर्वाद’मधला रफार बोटाला यायचा. तेव्हा ज्याला हातकागद वापरावयाचा असेल त्याने हाताने लिहावे किंवा ठसे उमटवावेत. यंत्राला गुळगुळीत जाड कागद द्यावा.

दुसरी चूक अक्षरांची. भाचीने मजकूर घरी संगणकावर छान जुळविला. दुकानातल्या संगणकावर उघडला तेव्हा वळण बदलले आणि ओळी भलतीकडेच मोडल्या. जो टंक घरी आहे तो दुकानात नसला की असे होते. मजकूर पीडीएफ करून न्यावा म्हणजे आहे तसा राहतो. मराठीसाठी ‘मुक्त’ आणि ‘बाळू’ यांसारखे सुबक टंक फुकट मिळतात. एक मजकुराला आणि एक नावांना, असे दोन पुरेत. तीन झाले की पत्रिका जत्रेसारखी दिसू लागते.

सजावट माझ्या शाळेतल्या मुलांनी केली. बटाटा मधोमध कापून त्यावर आंब्याचे पान कोरले आणि दाट कालवलेल्या हळदीने कोपऱ्यात एकेक ठसा उमटविला. गंमत अशी झाली की एका मुलीचे हात साबणाने ओले होते, आणि तिने धरलेल्या पत्रिकांवरची हळद लालसर झाली. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. जुन्या पद्धतीने कुंकू करतात ते याच गुणावर. मग आम्ही चुन्याच्या पाण्यात काडी बुडवून प्रत्येक पानाच्या देठाशी एक ठिपका दिला. हळदही झाली, कुंकूही झाले, आणि रंगाचा खर्च शून्य. मात्र हळद उन्हात फिकी पडते. ठसे आधी फार दिवस करून ठेवू नयेत.

तिसरी चूक माझी एकटीची, आणि ती कबूल करावयास मला जड जाते. लग्न आळंदीत होते. आळंदी आमच्याच तालुक्यात. थोडक्या खर्चात लग्न करावयाचे तर आळंदीच्या धर्मशाळेत किंवा कार्यालयात, हे जिल्ह्यात सर्वांस ठाऊक. आम्ही कार्यालयाचे नाव छापले आणि ‘आळंदी’ हा शब्दच राहिला. दोनशे वह्या तपासणाऱ्या बाईने मजकूर सात वेळा वाचला होता! शेवटी दोनशे पत्रिकांवर तो शब्द हाताने लिहावा लागला. मुद्रिते नेहमी परक्या माणसाला वाचावयास द्यावीत. घरच्याला सारे आधीच ठाऊक असते. आणि ही केवळ शोभेची गोष्ट नाही. विवाहनोंदणीच्या वेळी पत्रिका पुरावा म्हणून मागतात, आणि नसेल तर प्रतिज्ञापत्राची खटपट मागे लागते. म्हणून पत्रिका कितीही साधी असो, वधूवरांची पूर्ण नावे, तारीख आणि ठिकाण यांत काटकसर करू नये.

जाता जाता सर्वांत स्वस्त पत्रिकेचाही उल्लेख करते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची नोटीस कचेरीच्या फलकावर तीस दिवस लावतात. तीही एका अर्थी पत्रिकाच. पण ती लोकांना जेवावयास बोलावीत नाही, हरकत असेल तर घ्या म्हणून बोलाविते. पुढे सही करावयास तीन साक्षीदार मिळाले की काम होते. तेवढ्यात भागणाऱ्यांचे मला कौतुकच आहे. पण बाकीच्यांना माणसे हवी असतात, आणि माणसे हवी असतील तर त्यांना बोलवावे लागते.

आता निवाडा. घरच्या पत्रिकेचे गुण मी सांगितले, दोषही सांगते. छपाई एका बाजूला तिरकी आहे. वेळ फार बारीक अक्षरात पडली आहे. आणि भावकीतली दोन घरे लग्नाला आली नाहीत. ‘आमचे नाव छापायला कागद पुरला नाही का?’ असे त्यांनी विचारले. त्यांचा रुसवा अजून निघालेला नाही, आणि ताईला तो बोचतो. ज्याला पत्रिका घरी करावयाची आहे त्याने ही किंमतही हिशेबात धरावी. ती साडेसहा रुपयांत येत नाही.

टीकाकार म्हणून माझा आक्षेप एका वाक्यावर होता. ‘तिचे वडील असते तर तुमच्या दारी स्वतः आले असते.’ मंगल कागदावर हा करुण सूर कशाला, वाचणाऱ्याचे डोळे भरतील आणि प्रसंगाचा रंग उतरेल, असे मला वाटले. मी ते वाक्य तांबड्या शाईने खोडले. कच्चा कागद ताईकडे गेला. आपले नाव नको म्हणणारी ताई या वेळी मात्र शिवणयंत्रावरून उठली आणि पेन्सिलीने ते वाक्य समासात पुन्हा लिहून तिने माझ्या हाती दिले. “हे राहू दे,” ती म्हणाली. “हे नसले तर मी का बोलावते आहे ते कळत कसे?”

मी वीस वर्षे मुलांच्या निबंधांतले करुण सूर खोडीत आले आहे. त्या दिवशी मात्र मी चुकले होते. वाक्य लिहिले भाचीने, खोडले मी, आणि ते कोणाचे हे ठरविले ताईने. कर्ता सापडला की वाक्याला आधार सापडतो, हे मी फळ्यावर शिकविते. तरीही हे मला तिने शिकवावे लागले.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवण्याची रीत आहे. आमच्याकडे ती घरातल्या सवाष्णीने ठेवावी असे चालत आलेले. दिरांनी पत्रिका उचलली, हळदकुंकवाची वाटी उचलली, आणि दोन्ही ताईपुढे धरली. “वहिनी, बोलावणे तुमचे आहे,” एवढेच म्हणाले. तिने जरा थांबून ती घेतली, पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटे लावली, आणि देवापुढे ठेवली.

वाचकहो, आपल्या घरी यंदा कार्य असेल तर या दिवाळीत, दिवे लागल्यावर, सगळे एकत्र बसाल तेव्हा आधी कागदाचा भाव काढू नका. कोण कोणाला बोलावीत आहे, ते एका वाक्यात लिहून पाहा. ते वाक्य मोठ्याने वाचा. पेटी घ्यावी की पोस्टकार्ड, ते मग ठरेल. त्या लग्नाची एक पत्रिका मी आईवडिलांच्या गुलाबी पत्रिकेशेजारी ट्रंकेत ठेविली आहे. हळदीचा ठसा थोडा फिका झाला आहे. ‘आळंदी’ हा शब्द माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि पाकिटावर दिरांचे नाव, मोठ्या अक्षरात.